खारी विहीर आणि आखाजीचा बार

बस इथं ओट्यावर. एवढ्या उन्हात कुठं जातोस. तुला एक गोष्ट सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो, गोड नाही ही. एका बाईच्या रागाची गोष्ट आहे. राग पण असातसा नाही, राखेखाली निखारा झाकून ठेवतात ना, तसा दोन वर्षं झाकून ठेवलेला. ऐकून झाली की मी तुझ्याकडं एक काम मागणार आहे. ते शेवटी. आधी ऐक.

आपल्या तापीच्या काठावरचं बोरटेक. इंग्रजाचं राज्य होतं, नदीवर पूल नव्हता, सारंगखेड्याच्या बाजाराला जायचं तर होडी. बोरटेकच्या समोर, पलीकडच्या काठाला, पळसोदे. या दोन गावांचं एरवी सगळं चांगलं. बैल उसने द्यायचे, लग्नाला जायचे. फक्त आखाजीच्या दिवशी वैर.

आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराई बसवतात, हे तुला ठाऊक आहे. गौराई नदीवर बोळवायला नेली की मग बार. बार म्हणजे शिव्या, दुसरं काय. अलीकडं आपल्या बाया, पलीकडं त्यांच्या बाया, मधी वैशाखातली तापी, आटून आटून धोतराच्या काठाएवढी राहिलेली. एकमेकींना गाण्यातून शिव्या घालायच्या. वर्षभर तोंडावर पदर ओढून फिरणाऱ्या बाया त्या दिवशी काय म्हणतील त्याला धरबंद नाही, आणि त्याचा राग धरायचा नाही. कोणी धरलाच तर गाव त्यालाच हसतं. पुरुष माणसं त्या दिवशी पाराखाली पत्ते कुटत बसतात, नदीकडं फिरकत नाहीत.

बाराला कायदा एकच. शिवी शिळी चालत नाही. गेल्या सालची या साली म्हटली की समोरच्या बाया "शिळी, शिळी" करून टाळ्या पिटतात, आणि संपलं, हरलात. जिंकलेल्यांची गौराई आधी पाण्यात जाणार. हरलेल्यांनी आपली गौराई डोक्यावर घेऊन उन्हात उभं राहायचं, त्यांचं आटपेपर्यंत.

बोरटेकची तोंड म्हणजे गजरा. हिलालची लेक. हिचं लग्न गावातच झालेलं, माहेर एका गल्लीत, सासर दुसऱ्या. नवरा भिकन, गरीब गाय. सासरा जालमसिंग पाटील. गजरा उभी राहिली की पळसोद्याच्या बायांना घाम फुटायचा. तिच्या शिव्या ऐकून ज्यांना बसायच्या त्याच आधी हसायच्या. तिला विचारलं, एवढं सुचतं कसं गं, तर ती म्हणायची, मले काय माहीत, येस आपेआप.

आता राग कुठून आला ते सांगतो.

जालमसिंगाला मुलकी पाटीलकी मिळाली त्या साली त्यानं अंगणात विहीर खोदली. दगडी, बांधीव, वर रहाट. पाणी लागलं त्या दिवशी गावाला गूळ वाटला आणि म्हणाला, "आतेपासून पाटीलना घरन्या बाया नदीवर जाणार नहीं."

लोक म्हणाले, भाग्य काढलं सुनांनी. मोठी सून नर्मदाबाई, ती पण म्हणाली, बरं झालं, मान मोडायची गेली. गजराला पण पहिले आठ दिवस बरंच वाटलं. मग काहीतरी टोचायला लागलं. आधी दिवसातून दोन खेपा नदी असायची. वाटेत कुंभाराचं गाढव कोणाच्या तरी दारात जाऊन उभं राहिलेलं असायचं. घाटावर कोणी कोणाला काय म्हणायचं. होडीवाल्याची बायको होडीवाल्याला पाण्यात ढकलायची. हे सगळं एकदम बंद. राहिलं काय, तर चार भिंती, एक रहाट आणि नर्मदेचं तोंड.

विहिरीचं पाणी खारं निघालं. प्यायला चालायचं, पण डाळ शिजायची नाही त्यात. दोन लाकडं जाळा, तीन जाळा, तुरीचा दाणा टणक तो टणकच. मग गजरा चिमूटभर पापडखार टाकायची. पापडखारानं डाळ मऊ पडायची. सासरा भुरके मारत म्हणायचा, "काय गोड पानी शे मन्ही विहिरीनं." गजरा चुलीपुढं पापडखाराची डबी पदराखाली सरकवायची. एवढं ध्यानात ठेव. त्या विहिरीची अब्रू ती रोज चिमटीनं झाकत होती.

आली पहिली आखाजी. गजरा काठावर उभी राहिली. तीन शिव्या नव्या निघाल्या, त्या पण ओढूनताणून. चौथीला तोंड उघडलं तर आधीच्या सालची आली. पलीकडून टाळ्या. "शिळी, शिळी." आणि पळसोद्याची कमलीबाई, गजराच्या तोडीची तीच एक, ती पुढं झाली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली,

"पाटीलनी वहू विहिरीमा उतरनी,
गानं शोधता शोधता पोहराच इसरनी."

दोन्ही काठ हसले. बोरटेकच्या बाया पण हसल्या, काय करणार, होतीच तशी. गजरा डोक्यावर गौराई घेऊन ऊन कलेपर्यंत उभी राहिली. घामाची धार कानामागून उतरत होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. आधीपासून टोचत होतं त्याचा त्या दिवशी निखारा झाला.

पण राग फक्त तिलाच आला असं नाही. जालमसिंगाला पण आला. कमलीबाईनं विहिरीचं नाव घेतलं होतं ना. सारंगखेड्याच्या बाजारात पळसोद्याच्या माणसानं भर रस्त्यात विचारलं, "काय पाटील, विहिरीमा गानं सापडनं का?" जालमसिंग वर्षभर तो बोल चघळत बसला. त्याला बदला पाहिजे होता, आणि बदला घेणार कोण, तर सून.

म्हणून पुढच्या पाडव्याला, गुढी उभारून झाल्यावर, त्यानं घरच्या सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, "आखाजीले एक महिना शे. गजरा आजपासून काम करणार नहीं. दळण नहीं, शेण नहीं, चूल नहीं. मधल्या खोलीमा खाटवर बठी ऱ्हाय, अन गानं कर. पळसोद्यानी नाक कापाई पाहिजे."

आता बघ, माणूस वाईट नव्हता. त्याच्या हिशेबानं त्यानं उपकार केला. दूध देणाऱ्या म्हशीला सरकी-पेंड घालून सावलीला बांधतात, तसं. गाणं पण तसंच येत असणार, असं त्याला वाटलं.

तेव्हा सून सासऱ्याशी थेट बोलत नव्हती. काही सांगायचं तर खांबाला सांगायचं, सासरा ऐकायचा. गजरा खांबाला म्हणाली, "महिनाभर बठीसन काही व्हनार नहीं म्हना. मले नदीवर जाऊ द्या."

जालमसिंग म्हणाला, "नदीनं काय काम शे? पानी घर मा शे."

"पान्याकरता नहीं."

"मंग कसाकरता?"

कशाकरता, ते गजराला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. सांगता येत नाही म्हणून राग आणखी चढला.

बसली मग खाटेवर. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. समोर भिंत. भिंतीवर पाल. पालीवर एक कडवं केलं, ते पण पालीसारखंच चिकटलं, पुढं सरकेना. नर्मदाबाई सगळं घर एकटी ओढत होती, ती येताजाता दारात डोकवायची.

"काय वं, दिधा का अंडा आज?"

"जाय वं आपलं काम कर."

"मीच करी ऱ्हायनी ना काम. तुन्हं बी अन मन्हं बी."

संध्याकाळी भिकन भीत भीत विचारायचा, "काही जमनं का? बा इचारी ऱ्हायना." त्या बिचाऱ्याच्या अंगावर एकदा उशी आली.

दहाव्या दिवशी तिची फुई आली भेटायला. तापीबाई, बापाची बहीण, नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेली. तिच्या काळी बोरटेकचा बार तीच खेळायची. तोंडात आता दात नव्हते पण जीभ शाबूत होती. आली, खाट बघितली, खाटेवरची गजरा बघितली, आणि खाली भुईवर बसली.

"आजारी शे का?"

"नहीं. गानं करी ऱ्हायनी."

"आठे?"

"मंग कोठे करू फुई? सासरानी कोंडेल शे. डोकं पोकळ झालं. पहिले आपेआप ये, आते काहीच येत नहीं. संपनं मन्हं."

तापीबाईला राग आला. लाडानं पाठीवर हात बित फिरवणारी बाई नव्हती ती. "आपेआप कधीच नहीं ये वं, येडी. तू गानं करे नहीं. तू उचले. रस्तावरून गवऱ्या उचलतस ना बाया, तशी. सकाळे घागर भरी आणे अन संगे दहा गोष्टी आणे. कोनी कोनले काय बोलनं, कोनं गाढव कोठे गयं. ते तुले दिसे नहीं, पण आणे तू. आते रस्ताच बंद, तर गवरी कोठून येई?"

दोन वर्षं जे उत्तर सापडत नव्हतं ते म्हातारीनं भुईवर बसून दोन बोटांनी मांडून दाखवलं. आणि उत्तर सापडलं तसा राग कमी व्हायच्या ऐवजी नीट उभा राहिला. आधी तो सगळीकडं सांडलेला होता, आता त्याला तोंड फुटलं. थेट अंगणातल्या विहिरीकडं.

"जाऊ देणार नहीं तो," गजरा म्हणाली.

"डाळ कोन शिजाडस घर मा?"

"नर्मदी. मी सांगेल तशी."

"पापडखार टाकस का?" फुईनं विचारलं. तिला बरोबर ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, एक जालमसिंग सोडून.

दुसऱ्या दिवशी पापडखाराची डबी गजरानं उचलली आणि खाटेखाली ठेवली. नर्मदेला सांगितलं, "आते जशी शिजी तशी वाढ."

नर्मदा खट. हसली आणि म्हणाली, "वाढस."

जालमसिंग जेवायला बसला. त्याला पुढचे दात तीन, दाढा नावाला. भाकरी कुस्करली, डाळ ओतली, घास घेतला आणि थांबला. दाणा इकडून तिकडं गेला. कडकन वाजलं.

"काय शे हाई?"

नर्मदा खांबाला म्हणाली, "तीन तास शिजाडी. पानीच तसं शे."

"काल तर बरी व्हती."

"काल पापडखार व्हता. संपना."

चार दिवस डाळ अशीच. पापडखार आणायला माणूस पाठवला तर आणलेला खार पण नर्मदेनं कुठं ठेवला देवाला ठाऊक. पाचव्या दिवशी पाटील पोट धरून म्हणाला, बरं, नदीवरून सकाळची एक घागर आणा, फक्त डाळीपुरती. कोण आणेल? नर्मदा म्हणाली, माझ्या मागं कामं. गजरा बसूनच आहे. जालमसिंगानं बराच वेळ मिशी ओढली. "जाय म्हनो. तापीबाईले संगे ली जाय. अन लगेच परत."

अशी गजरा, आखाजीचा तो एक दिवस सोडला तर, दोन वर्षांनी वेशीबाहेर पडली.

तुला वाटेल, गेली आणि गाणी आली. नाही आली. पहिल्या दिवशी गजरा वाटेनं अशी चालली जशी चोराच्या मागावर शिपाई. हे झाड, यातून काय निघतं. ती गाय, हिच्यावर काय बसवता येईल. दात आवळलेले, कपाळाला आठ्या. घाटावर जाऊन घागर भरली आणि म्हणाली, "काहीच नहीं फुई. नुसती नदी शे."

तापीबाईनं तिच्या डोक्यावरची घागर उतरवली आणि पाणी परत नदीत ओतलं.

"हाई काय करस?"

"तू देखाले उनीच नहीं. तू वसुलीले उनी, शिपाई येस तशी." म्हातारी वाळूत फतकल मारून बसली, एक खापरी उचलली आणि पाण्यावर तिरपी फेकली. चार टप्पे खाल्ले खापरीनं. "तू फेक."

"फुई, सासरा वाट देखी ऱ्हायना."

"डाळले उशीर होस म्हणा. फेक."

गजराची पहिली खापरी बुडाली. दुसरी बुडाली. रागानं तिसरी फेकली, ती जास्तच बुडाली. सातवीला दोन टप्पे पडले, आणि पस्तीस वर्षांची बाई खाली बसून टाळ्या वाजवायला लागली. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं. नदीच्या पात्रात डांगराची, म्हणजे खरबुजाची, वाडी करणारा उखा. त्यानं वाळूत डांगरं लावलेली आणि पाखरांसाठी एक बुजगावणं उभं केलेलं, डोक्यावर फाटका फेटा, काखेत कागदाचं भेंडोळं.

"हाई कोन?" गजरानं विचारलं.

"मामलेदार," उखा म्हणाला. "पाखरू एक भीत नहीं. पण गावना लोक रस्ता बदली जातस."

गजरा हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा पोटातून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. उखानं एक फुटलेलं डांगर दिलं, ते दोघींनी वाळूत बसून खाल्लं, बिया एकमेकींच्या अंगावर उडवल्या. घागर पुन्हा भरून घरी आली तेव्हा ओठांवर एक ओळ होती. तिनं शोधलेली नव्हती. अशीच चिकटून आली होती, गोखरू चिकटतं तशी.

मग रोज. एक दिवस वाळूत नुसतं झिऱ्याचं पाणी वर येताना बघत बसायचं. एक दिवस होडीवाल्याचं भांडण ऐकायचं. एक दिवस चिंचेला दगड मारायचे, आणि जो दगड कोणाच्या छपरावर पडेल त्याच्या शिव्या मुकाट्यानं खायच्या, चांगल्या असल्या तर ध्यानात ठेवायच्या. तापीबाई सांगायची, आज गाणं आणू नको. आज फक्त पाय भिजव. आणि नेमकं त्याच दिवशी दोन यायची.

याच दिवसांत गजराला एक गोष्ट दिसली. पलीकडच्या घाटावर एक काळा दगड होता, पाट्यासारखा. कमलीबाईचा दगड म्हणायचे त्याला, ती रोज त्याच्यावर धुणं आपटायची आणि आपटता आपटता गायची. इकडपर्यंत ऐकू यायचं. आता गजरा येऊ लागून पाच-सहा दिवस झाले तरी कमली एकदाही दिसली नव्हती, दगड कोरडा. त्याच्यावर सरडा ऊन खात बसलेला. शेजारी खड्यांत एक टिटवी, उठत नव्हती जागची.

"अंडा देल शेतस तिनी," तापीबाई डोळे बारीक करून म्हणाली. "कोनी फिरकत नहीं म्हनीसन."

"कमली आजारी शे का?"

उखा डांगरांना पाणी घालत होता. तो म्हणाला, "आजारी नहीं. पळसोदाना पाटीलनी बी विहीर खोदी. तुम्हना पाटीलनी खोदी म्हनीसन. कमली त्यानीच वहू, अन त्यान्या बी घरन्या बाया आते बाहेर येत नहीं."

गजरानं हातातली खापरी फेकली नाही. मुठीत धरून ठेवली, इतकी घट्ट की तळव्यावर वण उठला.

आखाजीला दोन दिवस उरले असताना घोटाळा झाला. जालमसिंग शेताकडून नदीच्या वाटेनं आला. एरवी यायचा नाही. बघतो तर सून वाळूत गुडघ्यांवर बसलेली, पदर खोचलेला, ओल्या वाळूचं घर करते आहे. त्या घराला अंगण, अंगणात बोटानं पाडलेली विहीर, आणि विहिरीत ती एक मेलेला बेडूक सोडते आहे. शेजारी तापीबाई हसून हसून आडवी. घागर रिकामी, उन्हात पडलेली.

"महिनाभर तुले खाटवर बठाडी खावाडं," जालमसिंग म्हणाला. आवाज चढला नाही त्याचा, आणि तेच वाईट. "घरनी दुसरी सून मरी ऱ्हायनी काम करीसन. अन तू आठे धूळमा खेळी ऱ्हायनी. लहान शे का तू?"

गजरा उठली. सवयीनं खांब शोधला. वाळूत कुठला खांब. लांबवर एक मामलेदार उभा होता, पण त्याला काय सांगणार. मग ती वळली आणि लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलली.

"हाईच मन्हं काम शे. तुम्हले गानं पाहिजे ना? गानं आठे शे. तुम्हनी खाटवर पाल शे फक्त."

"तोंड वर करीसन बोलस?"

"खांब नहीं आठे."

तापीबाई हसली, आणि ते हसणं महागात पडलं. जालमसिंगानं घागर उचलली आणि दगडावर आपटली. खापऱ्या वाळूत उडाल्या. "आते डाळ कच्ची खाईसू," तो म्हणाला, "पण नदी बंद. अन आखाजीले जर पळसोद्यानी नाक कापाई नहीं, तर याद राख."

तो गेला. गजरानं एक खापरी उचलली, आपल्याच घागरीची, आणि पाण्यावर फेकली. सहा टप्पे. तिला हसू आलं नाही.

आखाजीला मात्र त्याचा इलाज नव्हता. आखाजीला लेक माहेरी जाणार, पाटील असो की कलेक्टर असो. गजरा सकाळीच गल्ली ओलांडून हिलालच्या घरी गेली. जालमसिंगानं आपल्या घरी पितरांची घागर भरली. नवी कोरी घागर, वर डांगर, सांजोऱ्या, आंबा. बाप मरून आठ वर्षं झालेली, बापाचं नाव घेऊन पाणी ओतलं, हात जोडले आणि पाराखाली पत्ते खेळायला गेला. पानं हातात होती पण कान नदीकडं.

नदीवर दोन्ही काठ भरले. गौराया खाली ठेवल्या. पलीकडून कमलीबाई पुढं आली. गजरानं तिच्याकडं नीट बघितलं. आता तिला बघायची सवय लागली होती. कमलीचे पाय बघितले. टाचा धुतलेल्या, भेगा भरून आलेल्या, घरात बसलेल्या बाईचे पाय. हात कमरेवर ठेवला तो पण गेल्या सालचाच. आणि तोंड उघडलं तर,

"पाटीलनी वहू विहिरीमा उतरनी..."

बोरटेकच्या बाया टाळ्या पिटायला उठल्याच होत्या. शिळी. पहिलीच शिवी शिळी. जिंकलं होतं बोरटेक, एका शब्दात. गजरानं हात वर केला आणि आपल्या बायांना गप केलं. कमलीबाईचं तोंड उतरलेलं होतं. तिला पण कळलं होतं आपल्या तोंडून काय गेलं ते. हे तोंड गजराला ओळखीचं होतं, गेल्या साली तिचंच होतं ते.

मग गजरा म्हणाली, गळा मोकळा सोडून,

"कमले, तुन्हा दगड सुना पडना,
टिटवीनी तठे संसार मांडा,
चार अंडा, धुणं नहीं,
तुन्हा हात कोठे वं बाई?"

पलीकडं कोणी हसलं नाही. कमलीबाईनं वळून आपल्या दगडाकडं बघितलं. टिटवी माणसांच्या गर्दीनं बावरून वर घिरट्या घालत होती. गजराला वाटलं, रडते की काय ही. रडली नाही. वळली तेव्हा नाकपुड्या फुगलेल्या होत्या.

गजरानं वाट नाही बघितली. नदीकडं पाठ केली, गावाकडं तोंड केलं, पाराच्या दिशेला, आणि दोन वर्षं राखेखाली ठेवलेलं सगळं वर काढलं.

"सासराना दात तीन, मिशीले पीळ सात,
विहीर खोदी पान्याले, कोंडी बायास्नी जात.
सासरा चावस, डाळ हासस,
आख्खा दाना ताट मा नाचस."

बोरटेकच्या बायांनी पदर तोंडाला लावले. आपल्याच गावच्या पाटलाला, आपल्याच काठावरून. असं कधी झालं नव्हतं. मग मागून एक आवाज आला, दबका, आणि हसू फुटलं. नर्मदाबाईचं होतं. आणि नदीच्या पलीकडून, बारीक पण धारदार, कमलीबाई,

"तुन्हा सासराले दात तीन, मन्हाले एक बी नहीं,
तरी विहीरवर पहारा, शरम थोडी बी नहीं."

ती शिवी ताजी होती. उभ्या उभ्या निघालेली. गजरानं वळून हात वर केला. मग काय, दोन्ही काठ सुटले. एक कडवं इकडून, एक तिकडून, पण आता एकमेकींना नाही, दोन्ही विहिरींना. रहाटाला, पोहऱ्याला, खांबाला, मिशीला. ज्यांच्या घरी विहीर नव्हती त्यांनी आपापल्या घरातलं काय काय बाहेर काढलं. पापडखाराची डबी पण गाण्यात आली. पाराखालचे पत्ते खाली पडले. आपल्या विहिरीचं पाणी कसं आहे ते जालमसिंगाला डाळीनं सांगितलंच होतं, पण हे सगळ्या गावाला आधीपासून ठाऊक होतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं. रागवायची सोय नव्हती. आखाजी होती. भोवतीची माणसं पानांकडं बघत ओठ चावत होती.

हरलं कोणीच नाही. दोन्ही गौराया एकदमच पाण्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजरा गल्ली ओलांडून परत आली. जालमसिंग ओट्यावर बसलेला, तोंड विहिरीकडं. घरात प्यायच्या पाण्याची एकच नवी घागर होती, काल पितरांसाठी पुजलेली. गजरानं डांगर बाजूला केलं, कालचं पाणी तुळशीला घातलं, घागर काखेला मारली आणि समोरच्या दारानं बाहेर निघाली.

"थांब," जालमसिंग उठला. हात वर गेला त्याचा.

गजरा थांबली. वळली. घागर पुढं धरली, दोन्ही हातांत. "फोडा," ती म्हणाली. "तुम्हना बापनी शे."

हात तसाच हवेत राहिला. काल याच घागरीत त्यानं बापाच्या नावानं पाणी ओतलं होतं. नर्मदाबाई चुलीजवळून उठून दारात आली होती. भिकन भिंतीला टेकून उभा. हात खाली आला तेव्हा जालमसिंग म्हातारा दिसत होता. त्यानं सुनेकडं बघितलं नाही. खांबाकडं तोंड केलं आणि खांबाला म्हणाला,

"सांगा तिले. घागर सांभाळीसन ली जाय."

गजरा गेली. राग गेला नाही तिचा, कोणी म्हणेल गेला, खोटं आहे. म्हातारी होईपर्यंत होता. ती म्हणायची, दोन वर्षं खाल्ली माझी त्या विहिरीनं, ती कोणी परत आणून देत नाही. पण रोज सकाळी घागर घेऊन निघायची, पुष्कळदा रिकामीच परत आणायची, आणि घरात कोणी विचारायची हिंमत करत नव्हतं, पाणी कुठं आहे म्हणून.

झाली गोष्ट. आता माझं काम. माझे गुडघे घाटापर्यंत जात नाहीत आता, त्याचाही मला राग येतो, पण ते असू दे. उद्या सकाळी तू नदीवर जा. काम काढून जाऊ नको. घागर नको, डबा नको, कोणाला भेटायला नको. बस वाळूत, खापरी फेक, बुडाली तर दुसरी फेक. आणि येताना एक गोष्ट, एकच, डोळ्यांनी बघितलेली, मला आणून सांग.